श्रावणातला शिमगा

२० जुलै

लिहून ठेवणार मालिनी वादिराज केदिलाय, वय वर्षे एक्कावन्न, धंदा दस्त लिहिण्याचा, राहणार उडुपी; कारणे तक्रारअर्ज लिहून ठेवते ऐसा जे, आज सकाळी माझ्या मालकीच्या आणि निर्वेध कबजातल्या पेलाभर कॉफीवर साय धरली. कडेनं सुरकुतली, मधे फुगली आणि तळ्यातल्या शेवाळासारखी पेल्याला चिकटून बसली. सदर कॉफी कढत पिण्याचा माझा हक्क सूर्यचंद्र असेतोवर अबाधित आहे अशी माझी समजूत होती. तो हक्क माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अत्तेंनी, "मालिनी, जरा इकडं ये" एवढ्या चार शब्दांत काढून घेतला.

इकडं म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत अत्तेंचं सोवळं. लग्न होऊन आल्यापासून मी अलीकडे बसून भाजी चिरते, नारळ खवते; पलीकडे त्या रांधतात. उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले तर म्हणाल्या, "लोणी कढायला ठेवलंय. तूप झालं का सांग."

म्हणजे माझं मत. या घरात माझं मत शेवटचं विचारलं होतं ते लग्न ठरताना, आणि तेव्हाही उत्तर ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. शिवाय विचारतंय कोण? आमच्यात देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न चाखायचं नाही, उष्टं होतं. रांधणारीनं जीभ बाहेर ठेवून आत जायचं आणि वासावर निभवायचं. त्यात अत्तेंचा हात धरणारं गावात कोणी नाही. देवघरात पाठमोरी बसून, जपाची माळ न थांबवता, "तूप झालं" म्हणत उठणारी ही बाई. मठातल्या आचाऱ्याची फोडणी करपली तर तो आधी आमच्या घराकडे बघतो म्हणतात.

कॉफी निवत होती म्हणून मी न बघताच म्हटलं, "झालं असेल." त्यांनी लगेच उतरवलं. तूप कच्चं निघालं. दुपारी वादिराज, म्हणजे माझे यजमान, सहकारी संस्थेतून निवृत्त आणि सध्या पूर्णवेळ मुलगा, भातावर तूप घेऊन म्हणाले, "आज तूप तू कढवलंस वाटतं?"

२३ जुलै

चातुर्मासाची आमची रीत ज्यांनी घालून दिली त्यांना स्वतः रांधावं लागत नसणार. पहिला महिना भाजी वर्ज्य, दुसरा दही, तिसरा दूध, चौथा डाळ. पाचव्या महिन्यात घरातली माणसं वर्ज्य करायची सोय हवी होती. सध्या भाजीचा महिना, शाकव्रत. चिंच, मिरची, मोहरी, हिंग ही सगळी मंडळी डबे बंद करून माळ्यावर गेली आहेत. खाली उरलेत मूग, मिरे, जिरं आणि वाळवलेली कैरी. मिरचीची उणीव माझ्या जिभेवर भागते, असं वादिराज पाहुण्यांना सांगतात आणि स्वतःच हसतात.

आज मुगाचं वरण खाली लागलं. अत्ते चुलीसमोरच होत्या, हातात पळी. करपल्याचा वास मला ओसरीवर आला. मी तिथूनच ओरडले तेव्हा त्यांनी पातेलं उतरवलं आणि वर मलाच म्हणाल्या, "इतका वेळ काय करत होतीस?" मी. उंबऱ्याबाहेर. केस विंचरत.

जेवताना वादिराजांनी पहिला घास घेतला, थांबले आणि माझ्याकडे बघितलं. बोलले नाहीत. नैवेद्य झालेल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत, तो प्रसाद. बायकोला नावं ठेवायला शास्त्राची आडकाठी नसल्यामुळे हात धुताना म्हणाले, "अम्माच्या कामात मधेमधे करत जाऊ नकोस."

आषाढ लागला तेव्हा अत्ते आठवडाभर सर्दीतापानं पडून होत्या. सर्दी गेली, जाताना हे भूत मागे ठेवून गेली. जेवण अर्ध्यावर टाकतात. का म्हणून विचारलं तर, "रुची नाही." माझ्या हातानं निवडलेल्या तांदळाला आता रुचीही उरली नाही.

३० जुलै

बढती झाली. "उद्यापासून न्हाऊन, सोवळ्यात आत येत जा," असा हुकूम काल सुटला. इतक्या वर्षांनी. मी खुळी, क्षणभर मोहरले. मग कामाचं स्वरूप कळलं. या दिवसांत उडुपीत सोवळं वाळत नाही, फक्त थंड होतं. ते ओलं लुगडं नेसून चुलीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. कशाला हात लावायचा नाही. अत्ते मधूनच म्हणणार, "सांग." काय सांग, ते त्या सांगत नाहीत.

आज मूग भाजायला घेतले. पावसाळ्यात त्या खोलीत दिवसाही अंधार, आणि अत्तेंची नजर कढईच्या तळापर्यंत पोचायची कधीच थांबली आहे. त्यांचं काही अडत नव्हतं एवढंच. "सांग," म्हणाल्या. मी मुद्दाम गप्प राहिले. बघू तरी काय करतात. त्या ढवळत राहिल्या. बघत होत्या माझ्या तोंडाकडे. मूग तांबूस झाले, मग तपकिरी. मलाच राहवेना.

"झाले. कोळसा व्हायची वाट बघताय का?"

"मग बोलत का नाहीस? नाक काय गहाण टाकलंयस?"

दिवसभर मी लोकांची गहाणखतं लिहिते. घर, शेत, नारळाची बाग, एकदा तर सामाईक विहिरीतलं पाणी गहाण पडलेलं मी लिहिलंय. नाक गहाण घेणारा सावकार अजून भेटला नाही, असं मी त्यांना म्हटलं. त्यावर त्या मूग सुपात ओतू लागल्या. उत्तर न देणं ही अत्तेंची पद्धत नव्हे. आता हेही नवीन छळणं.

३ ऑगस्ट

भिंतीपलीकडे किणी राहतात. कोकणी माणसं, उद्यापरवा श्रावण लागला की महिनाभर सोडावं लागणार म्हणून त्यांच्याकडे सुका बांगडा भाजण्याचा सपाटा चाललाय. दरवर्षी या दिवसांत अत्ते आमची पश्चिमेची खिडकी अशी दाणकन लावतात, की तो आवाज ऐकून शालिनी किणी दुसऱ्या दिवशी फुलांची परडी घेऊन समेटाला येते. यंदा खिडकी सताड उघडी. वासानं माझं डोकं भणभणायला लागलं.

"अत्ते, खिडकी."

"का? पाऊस आत येतोय?"

खिडकी शेवटी मीच लावली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अत्तेंना सर्वधर्मसमभाव सुचलाय. तो सुचावा, पण माझ्या डोक्याच्या किमतीवर नको. शालिनी मात्र संध्याकाळी भिंतीवरून विचारत होती, अम्मांची तब्येत बरी आहे ना, म्हणून. बरी नसायला काय झालं? मला राबवायला अंगात बारा हत्तींचं बळ आहे.

८ ऑगस्ट

आज श्यामलाचा फोन. श्यामला म्हणजे माझी नणंद, बंगळूरला असते. मला 'अत्तिगे' म्हणते. अत्तिगे म्हणजे वहिनी, पण तिच्या तोंडी तो शब्द नोटिशीसारखा वाजतो. घरातल्या जेवणाची चव गेल्याचं वादिराजांनी तिला परस्पर कळवलं आहे. पुढं तिनं जे मांडलं ते एखाद्या वकिलानं मांडावं तसं. एक तर अम्माचा हात गेला, नाहीतर अत्तिगे लुडबुड करते. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी अम्माला तिथं ठेवण्यात अर्थ नाही. बंगळूरच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे, लिफ्ट आहे, अम्मानं आता माळ ओढत बसावं. या महिन्यात आमच्या सासऱ्यांचं, मावय्यांचं, श्राद्ध आहे. त्याचा स्वयंपाकही बाहेरच्या आचाऱ्यांना द्यावा.

वादिराजांनी फोन अत्तेंच्या कानाला लावला. अत्ते शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्या पानावर परक्याचा भात पडणार नाही. मी रांधीन. त्यात काही उणं निघालं तर तुझ्याबरोबर गाडीत बसते." झालं. करार पूर्ण. श्राद्धाचा स्वयंपाक बिघडला तर अत्ते बंगळूरला. त्यांच्या हातात पळी नाही, म्हणजे त्या सहा महिनेही टिकणार नाहीत, हे कुत्र्यामांजराला कळेल. भावाबहिणीला कळत नाही.

खरं तर मी आनंदानं नाचायला हवं. ओल्या लुगड्यातून सुटका, कॉफी गरम. पण मला तर संताप आला. माझ्यासमोर माझ्या घरातल्या माणसाची वाटणी झाली आणि मला कोणी साक्षीदार म्हणूनसुद्धा सही मागितली नाही.

१२ ऑगस्ट

सिलिंडर दोनदा तपासून मग लिहायला बसलेय.

ऑफिसातून आले, दार उघडलं, तर घरभर गॅस. अत्ते चुलीपासून दोन हातांवर बसून निवांत नारळ खवताहेत. शेगडीचं बटण पूर्ण उघडं, वर ज्वाळा नाही. वाऱ्यानं विझली असणार. मी बटण बंद केलं, खिडक्यादारं उघडली, त्यांना हाताला धरून परसात नेलं. सोवळं मोडलं ते वेगळंच. आणि मग मी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण किणींच्या घरातला रेडिओ बंद झाला.

अत्ते पायरीवर बसल्या होत्या. खवणीवरचं खोबरं लुगड्याला लागलं होतं ते वेचत म्हणाल्या, "मला कळलं होतं. तुला कळतंय का बघत होते."

परीक्षा. माझी परीक्षा घ्यायला ही बाई घर उडवायला निघाली होती. अशा सासवा पुराणांतही नसतील.

वादिराज तेव्हा मठात गेले होते; परतल्यावर त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, सकाळी तूच उघडं ठेवलंस. कारण तेवढंच. यापुढे कामावर जाताना सिलिंडरच बंद करून जाईन आणि दुपारच्या दुधासाठी मधे एकदा घरी येईन. तेवढी पायपीट.

१७ ऑगस्ट

शाकव्रत सुटलं. सकाळी माळ्यावरून डबे खाली काढले, चिंचमिरची घरात आली. दुपारी रजिस्ट्रार कचेरीतली वीज गेली म्हणून लवकर परतले. अत्ते कोठीघरात पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर हिंगाचा डबा, झाकण उघडं. मी दारात होते तरी त्या भपक्यानं डोळ्यांत पाणी आलं. अत्तेंनी डबा नाकाशी नेला, श्वास ओढला, खाली घेतला. परत नेला. मग डबा हलवला, बंद पडलेलं घड्याळ हलवतात तसा, आणि पुन्हा नाकाशी नेला. चिमूट काढून तळहातावर चोळली, तळहातात तोंड घालून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग पदरानं हात पुसला आणि डबा फळीवर त्याच्या जागी, लेबल पुढं करून ठेवला.

मी तशीच मागे गेले आणि चपला वाजवत परत आत आले.

राग आलाय. कोणावर ते ठरलं की लिहीन.

१८ ऑगस्ट

सगळ्यांवर.

तापात नाक गेलं, तर गेलं म्हणून सांगायला काय झालं होतं? मुलाला सांगितलं नाही, मुलीला नाही. मलाही नाही. मला फक्त चुलीशेजारी उभं केलं, तराजूत मापं ठेवतात तशी. घरात आणखी दुसरं नाक नव्हतं का? मुलगा नाक वर करून चोवीस तास घरात असतो. पण मला ठेवलं, कारण मी फुकट पडते. आणि मी, महिनाभर त्या बाईशेजारी उभी राहून, तिच्या तोंडावर 'कोळसा होईपर्यंत बघताय का' म्हणणारी मी. दुसऱ्याच्या दस्तातली खाडाखोड मला लांबून दिसते.

आणि या घराची रीत तरी काय. आधी चाखायचं नाही, कारण देव. नंतर बोलायचं नाही, कारण प्रसाद. श्राद्धात तर चांगलंसुद्धा म्हणायचं नाही, पितर उठून जातात. मग बाईला कळावं कसं, की तिच्या हातून काय निघतंय? तिनं कोणाच्या तोंडाकडे बघावं? सुनेच्या.

त्यांच्याशी यातलं एक अक्षर बोलणार नाही. त्यांना सांगायचं नसेल तर मला ऐकायचं नाही.

२० ऑगस्ट

आज एक गंमत झाली. गंमत कसली. श्यामला परवा येणार, ती असताना अत्तेंचं ते "सांग, सांग" चालणार कसं, या विचारानं सकाळपासून माझं टाळकं फिरलेलं. धणे-मेथ्या भाजताना त्या काही न विचारता ढवळत होत्या. मेथी लालसर झाल्याचा वास आला, आणि मी कसल्या तरी वेगळ्याच रागात म्हटलं, "त्या लुगड्याचा काठ जरा वर घ्या, सगळं घर पुसत चालता." अत्तेंनी माझ्याकडे पाहिलं आणि कढई उतरवली. बरोबर वेळेला.

मग त्याच म्हणाल्या, "तुझं तोंड म्हणजे उघडी गटार."

"आणि तुमचं?"

"माझं झाकलेलं आहे."

त्यानंतरचं सगळं रांधणं आम्ही भांडत केलं. उतरवायचं तिथं मी ओरडायचं, नको तिथं गप्प बसायचं. ठरवलं काहीच नाही. ठरवायला बोलावं लागतं आणि आम्ही बोलत नाही.

२६ ऑगस्ट

श्राद्ध. सविस्तर लिहिते, कारण उद्यापासून याची अनेक रूपं गावात फिरतील.

श्यामला लग्नानं दुसऱ्या गोत्राची, वडिलांच्या श्राद्धाचं अन्न रांधताना तिला शिवता येत नाही. म्हणून सकाळपासून उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसली. माझी जुनी जागा. हात मांडीवर, डोळे अम्माच्या हातांवर. दर थोड्या वेळानं, "अम्मा, दमलीस का?"

आत आम्ही दोघी. तीळ कढईत पडले. ते तडतडले, वास सुटला, आणि मी सुरुवात केली. "अत्ते, तीळ भाजताय की त्यांना डाग देताय?" कढई खाली आली. श्यामलेचे डोळे कपाळाला गेले. मग वरण. "पुढच्या वर्षीच्या श्राद्धाचं आत्ताच आटवताय का?" वरण उतरलं. वड्याचं तेल तापायच्या आधीच त्यांनी पीठ हातात घेतलं तर म्हटलं, "घाई कसली? ब्राह्मण पळून चाललेत का?" हात थांबला. अत्तेही मागे नव्हत्या. "तुझ्या आईनं तुला जीभ दिली नाही, विळी दिली," असं त्या वडे थापताना म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या गालांवर आषाढानंतर पहिल्यांदा रंग दिसला. मीठ, तिखट, ज्याला हाताचं माप लागतं ते त्यांचं तसूभर चुकत नव्हतं. मी फक्त भुंकत होते.

श्यामला एकदा म्हणाली, "अत्तिगे, आज तरी." तिच्याकडे बघायलाही मला सवड नव्हती.

खिरीला घात झाला. गव्हाच्या रव्याची, गुळाची, नारळाच्या दुधातली खीर. मावय्यांना तीच लागायची. ती उकळत असताना पुढच्या खोलीत पुरोहितांनी होम पेटवला. पावसानं लाकूड ओलं. धुराचा लोट आत आला आणि स्वयंपाकघर भरून गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकात धूर आणि फक्त धूर. अत्ते ढवळता ढवळता माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला काही कळेना. हा होमाचा वास की खीर खाली धरतेय? ओरडावं तर कच्ची उतरेल. गप्प बसावं तर करपेल. करपली खीर पानावर गेली तर अत्ते उद्या गाडीत.

तेवढ्यात पुरोहितांनी तुळस मागितली म्हणून श्यामला उठून परसात गेली.

मी पळीनं तळहातावर खीर घेतली आणि चाटली.

श्राद्धाच्या दिवशी. सोवळ्यात. देवाआधी, पितरांआधी. माझ्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. अत्तेंनी पाहिलं. साठ वर्षं त्यांनी त्या चुलीवर रांधलंय आणि जिभेवर मिठाचा कण ठेवलेला नाही. मला वाटलं, आता पळी खाली ठेवतील आणि सगळं संपेल. त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पाऊस उघडला वाटतं."

"नाही उघडला."

"बरं." मग अगदी हळू, "खीर?"

"खालून धरायला लागलीय. वरची दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडू नका. गूळ थोडा कमी आहे."

त्यांनी काढली, गूळ घातला, वेलची घातली. मी हात धुतला. श्यामला परत आली तेव्हा मी पुन्हा तोंड सोडलं होतं.

ब्राह्मण जेवले. गुणदोष बोलायचे नसतात, म्हणून कोणी बोललं नाही. थोरल्यानं खिरीच्या वेळी दोनदा हात पुढं केला आणि द्रोण असा निपटला, की धुण्याची गरज नव्हती. श्यामलानं स्वतः जेवताना प्रत्येक पदार्थ जिभेवर घोळवला. बराच वेळ. तिला काही सापडलं नाही. मी तिच्याकडे बघत होते.

स्वयंपाकात सापडलं नाही म्हणून तिनं माझ्यात शोधलं. ओसरीवर सगळे बसले असताना, वादिराजांसमोर, आईला विचारलं, "अम्मा, ही रोज अशी ओरडते तुझ्यावर?"

"रोज," अत्ते म्हणाल्या.

"आणि तू ऐकून घेतेस?"

"ऐकते म्हणून तर रांधणं होतं."

"अम्मा, असं घाबरून राहायची काही गरज नाही. माझ्याकडे चल. माझी बाई इतकी गोड बोलते. एक शब्द वर नाही."

अत्तेंनी जरा विचार केला. "ओरडता येतं का तिला?"

"नाही गं, अगदी गरीब आहे."

"मग ती काय कामाची?" अत्ते म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या.

वादिराजांनी तोंड उघडलं. अत्तेंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्यात सुपारी टाकली.

२७ ऑगस्ट

श्यामला सकाळच्या गाडीनं एकटीच गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही, पण वाटेत तिची चुलतबहीण, पुरोहितांची बायको आणि फुलवाली यांच्याशी बोलली. आता गावभर मी म्हाताऱ्या सासूला दमात ठेवणारी कैदाशीण. शालिनी किणी भिंतीवरून म्हणाली, "काल श्रावणातच शिमगा होता हो तुमच्याकडे." वादिराज दिवसभर माझ्याशी सभ्य वागताहेत, पोलिसाशी वागतात तसं.

अत्ते राहिल्या, यात माझा काही मोठेपणा नाही. श्यामला जिंकू नये, एवढाच माझा हेतू होता. कोणी यात प्रेमबीम शोधायला जाऊ नये. मला ती बाई अजिबात सहन होत नाही. आज पुन्हा भात अर्धा टाकला. रुची लागत नाही तर निदान पोटासाठी तरी जेवावं की नाही. संध्याकाळी कुरकुरीत अप्पळ, म्हणजे पापड, भाजून दिले, वासाचं नाही तर आवाजाचं तरी काही असावं म्हणून, तर चार खाल्ले. तिच्या तब्येतीची मला काही पडलेली नाही. बिघडली तर निस्तरावं मलाच लागेल.

१ सप्टेंबर

रविवार. सकाळी न्हाऊन सोवळ्यात आत गेले आणि अत्तेंना म्हटलं, आज खीर करायची, गव्हाची. का, ते त्यांनी विचारलं नाही. रवा काढून दिला, नारळ फोडला, गूळ चिरला. मग पळी माझ्या हातात दिली आणि स्वतः माझ्या जागी, चुलीच्या डाव्या बाजूला, पाट टाकून बसल्या.

"तू ढवळ," म्हणाल्या. "आज मी ओरडते."

आणि ओरडल्या. उकळीचा आवाज जड झाला की ओरडायच्या, पळी तळाला अडखळली की ओरडायच्या. माझ्या मनगटावर, माझ्या माहेरावर, मी घेतलेल्या गॅसच्या आचेवर बोलल्या. एवढं ऐकून घ्यायची मला सवय नाही. खीर उत्तम झाली असावी. वास तरी तसा होता. मी तसं म्हटलं नाही.

नैवेद्याचं ताट वाढायच्या आधी मी केळीच्या पानाचा तुकडा घेतला आणि त्यावर पळीभर खीर घातली. भरून, वर आणखी थोडी. अत्ते बघत होत्या. मी मागच्या दारानं परसात गेले आणि पान भिंतीवर ठेवलं. मावय्यांचा त्या दिवशीचा एक घास माझ्याकडे राहिला होता.

कावळा जरा लांब बसला, मग जवळ आला. तो खाऊ लागेपर्यंत थांबले आणि आत जाऊन देवाचं ताट वाढायला घेतलं.